हातातल्या यंत्राने गॅमा आणि न्यूट्रॉन ओळखताना

किरणोत्सारी स्रोत ओळखणारं हातातलं यंत्र बटण दाबल्यावर मिनिटाभरात 'सीझियम-१३७' असं नाव दाखवतं, शेजारी खात्रीचा आकडाही देतं. ते नाव म्हणजे यंत्राने घेतलेल्या स्पेक्ट्रमची, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याच्या आलेखाची, त्याच्या पोटातल्या यादीशी लावलेली जुळणी असते. यंत्रातला किरण टिपणारा स्फटिक तापलेला असेल, स्रोताच्या फार जवळ जाऊन मोजलं असेल किंवा मोजणी वीस सेकंदांत आटोपली असेल, तर जुळणी बिघडते. खात्रीचा आकडा मात्र तसाच ठणठणीत दिसत राहतो. ज्याच्या हातात असं यंत्र आहे त्याला नावाआधी स्पेक्ट्रम वाचता आलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि न्यूट्रॉनच्या बाबतीत तर बोटांवर मोजता येतील एवढ्या काउंटचा (यंत्राने नोंदलेल्या एकेका कणाचा) अर्थ लावायची सवय हवी.

आधी कामं वेगळी करू. काहीतरी आहे का हे शोधणं, तिथे उभं राहणं कितपत सुरक्षित आहे हे मोजणं, आणि ते नेमकं काय आहे हे ओळखणं, ही तीन कामं आहेत. एकच यंत्र तिन्ही कामं सारखीच चांगली करत नाही.

लहान जीएम (गायगर-म्युलर) नळी, म्हणजे वायू भरलेला साधा काउंटर, साध्या बॅकग्राउंडमध्ये (स्रोत नसतानाही असणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गात), म्हणजे तासाला साधारण ०.१ मायक्रोसीव्हर्टला, मिनिटाला पंधरा-वीस काउंट देते. दोन इंच व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक त्याच जागी सेकंदाला शंभर-दीडशे काउंट देतो. शोधायला स्फटिकच का लागतो, ते एवढ्यावरून कळतं. चालता चालता दोन सेकंदांत काउंट दीडशेवरून सव्वादोनशेवर गेले, तर स्फटिकाला ते लगेच समजतं. जीएम नळीला त्या दोन सेकंदांत एखादा काउंट मिळाला तर मिळाला. जीएमचं खरं स्थान मोठ्या डोस रेटच्या, म्हणजे तासाला मिळणाऱ्या मात्रेच्या, मोजणीत आहे, तेही त्या कामासाठी बनवलेल्या लहान नळीचं. साध्या नळीचा डेड टाइम, म्हणजे एक कण नोंदवल्यावर पुढचा नोंदता न येणारा काळ, १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला खरे १०,००० कण आले तर नोंद होते जेमतेम निम्म्यांची. त्याहून पुढे गेलं की काही नळ्या पार गुदमरतात आणि काटा खाली येतो. जिथे सर्वात जास्त धोका तिथे सर्वात कमी आकडा, अशी ही अवस्था. म्हणून यंत्र बाहेरूनच चालू करून आत न्यायचं, आणि आकडा वाढता वाढता अचानक पडला तर तो दिलासा समजायचा नाही, मागे फिरायचं. अनोळखी स्रोताभोवती तासाला १०० मायक्रोसीव्हर्टची रेषा आखायचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. ओळख पटवायचं काम त्या रेषेच्या बरंच बाहेरून होतं, आणि होतं तेही जास्त चांगलं. त्याचं कारण पुढे येईल.

आता स्फटिकांकडे. सोडियम आयोडाइड स्वस्त आणि संवेदनशील, पण ६६२ केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक; सीझियम-१३७ ची गॅमा एवढ्या ऊर्जेची) त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे ऊर्जेच्या मानाने शिखराची रुंदी, ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सीझियमचं शिखर अर्ध्या उंचीवर ४५ केईव्हीहून जास्त रुंद. लँथनम ब्रोमाइड ३ टक्क्यांच्या आसपास येतो. कॅडमियम झिंक टेल्युराइड, म्हणजे सीझेडटी, एक-दोन टक्क्यांवर, पण त्याचा स्फटिक लहान, त्यामुळे मोजणीला वेळ लागतो. जर्मेनियम तर ०.२ टक्क्यांवर जातो. मात्र त्याला द्रव नायट्रोजनच्या आसपासचं तापमान लागतं. आता बॅटरीवर चालणारे शीतक आहेत, तरी गरम जर्मेनियम थंड व्हायला कित्येक तास जातात. म्हणून ते यंत्र कायम वीजजोडणीवर, थंड अवस्थेतच ठेवतात.

लँथनम ब्रोमाइडची एक खोड लक्षात ठेवायलाच हवी: तो स्वतःच किंचित किरणोत्सारी आहे. लँथनम-१३८ ची १४३६ केईव्हीची गॅमा आणि सोबतचे बेरियमचे एक्स-किरण स्फटिकातच मिळून १४७० केईव्हीच्या आसपास शिखर उभं राहतं. पोटॅशियम-४० ची रेषा, म्हणजे त्याच्या गॅमाची ठरलेली ऊर्जा, आहे १४६१ वर. त्यामुळे या स्फटिकात नैसर्गिक पोटॅशियम त्या शिखराखाली दडतं. अॅक्टिनियम-२२७ च्या अंशामुळे १६०० केईव्हीच्या वरही काही रुंद उंचवटे दिसतात. ते स्रोताचे नव्हेत. नवीन माणूस हमखास इथेच फसतो.

सोडियम आयोडाइडचं दुखणं वेगळं. तो दमट हवेत विरघळतो, म्हणून सीलबंद डब्यात असतो. तापमान झपाट्याने बदललं तर तो तडकतो. तासाला दहा अंशांपेक्षा जास्त बदल होऊ द्यायचा नाही, हा सर्वसाधारण नियम. गाडीतल्या थंड हवेतून भर उन्हात काढलेलं यंत्र तडकलं नाही तरी त्याचं गेन, म्हणजे ऊर्जेचं माप, सरकतं. स्फटिकातली चमक टिपणाऱ्या प्रकाशगुणक नळीच्या जागी सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक असेल तर तापमानाचा परिणाम आणखी तीव्र. चांगली यंत्रं एलईडी, लहानसा अंतर्गत स्रोत किंवा बॅकग्राउंडमधलं पोटॅशियम वापरून स्वतःला सावरतात. पण सावरायला त्यांना वेळ द्यावा लागतो. चालू केल्याकेल्या घेतलेल्या स्पेक्ट्रमवर विश्वास ठेवू नये.

तपासणीसाठी पोटॅशियम क्लोराइड फार उपयोगी पडतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये १६ बेकेरेल पोटॅशियम-४० असतं. अर्धा किलोच्या पुडीत ८००० बेकेरेल, आणि त्यातल्या ११ टक्के विघटनांतच १४६१ ची गॅमा निघते, म्हणजे सेकंदाला नऊशेच्या आत-बाहेर. पुडी स्फटिकाला टेकवून दहा मिनिटं मोजा आणि शिखर १४६१ वर बसतं का पाहा. खालच्या टोकासाठी सीझियम-१३७ चा चेक सोर्स असतोच. फक्त ६६२ वर तपासून थांबू नये. ६६२ जागेवर असतानाही १५०० च्या पुढे किंवा १०० च्या खाली अक्ष वाकलेला असू शकतो.

प्रत्यक्ष मोजणीचा क्रम असा. वस्तूपासून दूर, पण त्याच आवारात, पाच मिनिटं बॅकग्राउंड घ्यायचा. ग्रॅनाइटची फरशी, विटांची भिंत, काँक्रीट यांमुळे दोन खोल्यांमध्येही दीडपट फरक पडतो, म्हणून सकाळी कार्यालयात घेतलेला बॅकग्राउंड चालत नाही. मग संथ पावलांनी शोध घ्यायचा, सेकंदाला अर्ध्या मीटरहून वेगाने नाही. सर्वाधिक काउंटची जागा सापडली की यंत्र छातीशी धरून स्वतःभोवती वळायचं. शरीर मध्ये आलं की काउंट पडतात आणि दिशा कळते. त्यानंतर ओळखीसाठी जवळ जाण्याऐवजी मागे यायचं, डेड टाइममध्ये वाया जाणारा वेळ २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. स्रोताला चिकटवून मोजलं तर दोन गॅमा एकाच क्षणी स्फटिकात पडतात आणि त्यांची बेरीज होऊन खोटी शिखरं तयार होतात. कोबाल्ट-६० च्या ११७३ आणि १३३२ ची बेरीज २५०५ वर दिसते ती अशीच. शिवाय पाइल-अपमुळे, म्हणजे नोंदी एकावर एक साचल्यामुळे, खरी शिखरं फुगून उजवीकडे कलतात आणि जुळणी करणारी प्रणाली चुकते.

मोजणी किती वेळ करायची याला सरसकट उत्तर नाही. शिखरात, खालचा पाया वजा करून, निदान काहीशे काउंट जमेपर्यंत थांबावं. १०० काउंटमध्ये अनिश्चितता १० टक्के, १०,००० मध्ये १ टक्का. वर्गमुळाचा हा नियम कुणाला चुकत नाही. लोखंडाच्या पिंपातल्या अशक्त स्रोतासाठी दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं द्यावीत. त्या वेळात यंत्र हलू द्यायचं नाही, तिपाईवर किंवा पेटीवर ठेवून द्यायचं.

आता स्पेक्ट्रम वाचू. सीझियमचा स्पेक्ट्रम उजवीकडून पाहा: ६६२ वर शिखर, मग दरी, मग ४७७ वर कॉम्प्टनची कड (धडकून निसटणारी गॅमा स्फटिकात जास्तीत जास्त सोडू शकते ती ऊर्जा), तिच्यानंतर सपाट पठार, आणि १८४ च्या आसपास आजूबाजूच्या वस्तूंवरून परत आलेल्या गॅमाचा एक बोजड उंचवटा. तो उंचवटा शिखर नाही. आडमुठं यंत्र त्यालाच १८६ ची रेषा समजून युरेनियमचं नाव सुचवतं. ७५ आणि ८५ च्या आसपास काही दिसलं तर ते शिशाचे एक्स-किरण, म्हणजे जवळपास शिसं आहे. हीही माहितीच.

खरी कसोटी लागते ती जवळजवळच्या रेषांमध्ये. आयोडीन-१३१ ची मुख्य रेषा ३६४ वर, बेरियम-१३३ ची ३५६ वर. अंतर आठ केईव्ही. सोडियम आयोडाइडमध्ये इथलं शिखर तीसहून जास्त केईव्ही रुंद असतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकसारखीच दिसतात. गेन दोन-अडीच टक्क्यांनी सरकलं की बेरियमचं आयोडीन होतं. मुख्य शिखराकडे कितीही टक लावून बघितलं तरी निर्णय होणार नाही. साथीदार रेषा बघाव्या लागतात. आयोडीनची ६३७ वर ७ टक्क्यांची एक रेषा आहे. बेरियमची ३८४ च्या पुढे काहीच नाही. म्हणजे ६३७ वर स्पष्ट उंचवटा असला तर आयोडीन. नसला, आणि मुख्य शिखरात मुबलक काउंट असले, तर बेरियम. बेरियमची ८१ ची रेषा जोरकस आहे, पण आयोडीनचीही ८० वर बारीकशी आहे, आणि दोन्ही पोलादाआड लगेच मरतात, म्हणून त्यावर विसंबू नये. याच भागात प्लुटोनियम-२३९ च्या ३७५ आणि ४१४ च्या रेषाही येतात. त्यामुळे थायरॉइडच्या उपचारानंतर घरी निघालेल्या रुग्णाच्या स्पेक्ट्रमवर यंत्राने प्लुटोनियमचं नाव घेणं अशक्य नाही. अशा वेळी ६३७ ची रेषा गोंधळ वाचवते.

दुसरी जोडी रेडियम-२२६ आणि युरेनियम-२३५. एकाची रेषा १८६.२, दुसऱ्याची १८५.७. हा फरक साध्या स्फटिकाच्या आवाक्यातलाच नाही. पण रेडियम एकटं नसतं. त्याच्या वंशजांच्या (विघटनातून बनणाऱ्या मूलद्रव्यांच्या) २९५, ३५२, ६०९, ११२० आणि १७६४ च्या रेषा असतातच. युरेनियम-२३५ सोबत १४४, १६३ आणि २०५ येतात, आणि युरेनियम-२३८ असेल तर १००१ वर लहानशी रेषा. जुन्या चमकत्या काट्यांच्या उपकरणावर १८६ दिसली की आधी ६०९ शोधा. गॅलियम-६७ हे वैद्यकीय समस्थानिकही १८५ वर रेषा देतं, पण त्याच्या ९३, ३०० आणि ३९३ च्या रेषा त्याला उघडं पाडतात.

५११ वर शिखर आलं म्हणून फ्लोरीन-१८ म्हणायची घाई करू नये. पॉझिट्रॉन देणारं काहीही, किंवा आजूबाजूच्या धातूवर आदळणारी जास्त ऊर्जेची गॅमा, ५११ निर्माण करते. फ्लोरीनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. शंका असेल आणि परिस्थिती निवांत असेल तर दोन तासांनी त्याच जागेवरून पुन्हा मोजा. काउंट निम्म्याच्या खाली गेले तर उत्तर जवळपास मिळालं.

आडोसा स्पेक्ट्रमचा चेहराच बदलतो. अमेरिसियम-२४१ ची ५९.५ ची गॅमा ५ मिलिमीटर पोलादातून जेमतेम एक टक्का बाहेर येते, तर सीझियमची ६६२ निम्मी करायला पोलाद १२ मिलिमीटर लागतं. त्यामुळे एकाच समस्थानिकाच्या खालच्या आणि वरच्या रेषांचं गुणोत्तर बघून मध्ये किती धातू आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि खालची रेषा दिसत नाही म्हणून नाव फेटाळायचं नसतं. स्ट्रॉन्शियम-९० सारखा निव्वळ बीटा देणारा स्रोत तर शिखरच देत नाही. डावीकडे रुंद कुबड आणि उजवीकडे लांब उतार एवढंच दिसतं. यंत्राने 'अनोळखी' म्हटलं तर तेच प्रामाणिक उत्तर.

आता न्यूट्रॉन. इथे ऊर्जेचा फरक अफाट आहे. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन २ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट), आणि हेलियम-३ वायू भरलेली नळी ज्याला सहज पकडते तो ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, आठ कोटी पट कमी. त्या मंद न्यूट्रॉनसाठी हेलियम-३ चा छेद, म्हणजे न्यूट्रॉन पकडण्याची शक्यता दाखवणारं माप, ५३३० बार्न आहे, वेगवान न्यूट्रॉनसाठी एका बार्नच्या आसपास. म्हणून नळीभोवती पॉलिथिलीन लागतं. हायड्रोजनशी सरासरी अठरा धडकांत न्यूट्रॉन मंद होतो, कार्बनशी शंभरावर लागतात, शिशाशी दोन हजारांच्या जवळ. नळीभोवती ४ ते ६ सेंटीमीटर पॉलिथिलीन असेल तर विखंडनाच्या न्यूट्रॉनला चांगला प्रतिसाद मिळतो. लहान यंत्रात एवढी जागा नसते, आणि ती कमतरता काही अंशी धरणाऱ्याचं शरीर भरून काढतं. यंत्र पोटाशी धरलं की काउंट वाढतात, हात लांब केला की घटतात. दोन मोजण्यांची तुलना करायची असेल तर धरण्याची पद्धत एकच ठेवावी.

२००८-०९ पासून हेलियम-३ चा तुटवडा जाणवू लागला, आणि पर्याय पुढे आले: लिथियम-६ मिसळलेला झिंक सल्फाइडचा पडदा, बोरॉनचे थर, आणि सीएलवायसी हा स्फटिक. सीएलवायसी एकाच वेळी गॅमाचा स्पेक्ट्रम आणि न्यूट्रॉन दोन्ही देतो. न्यूट्रॉन पकडल्यावरची चमक गॅमाच्या भाषेत ३ एमईव्हीच्या वर दिसते आणि तिचा आकारही वेगळा असतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सला दोन्ही वेगळे काढता येतात.

हे वेगळं काढणं गॅमाचा मारा वाढला की कोलमडतं. हेलियम-३ मध्ये न्यूट्रॉनची प्रत्येक घटना ७६४ केईव्ही देते आणि एकटी गॅमा त्या वायूत फारच थोडी ऊर्जा सोडते. पण अनेक गॅमा एकावर एक साचल्या की त्यांची बेरीज उंबरठा ओलांडते. मोठ्या कोबाल्ट स्रोताजवळ न्यूट्रॉन अलार्म वाजला तर आधी लांब जाऊन पुन्हा मोजा. अंतर दुप्पट केल्यावर खरे न्यूट्रॉन साधारण चौथ्या हिश्श्यावर येतात. साचलेल्या गॅमाचे खोटे काउंट त्याहून कितीतरी वेगाने, जवळपास शून्यावर येतात.

काउंट किती कमी असतात याचं एक उदाहरण पाहू. रस्त्याच्या कामात मातीचा ओलावा आणि घनता मोजणाऱ्या यंत्रात १.४८ गिगाबेकेरेलचा अमेरिसियम-बेरिलियम स्रोत असतो. तो सेकंदाला नव्वद हजारांच्या आसपास न्यूट्रॉन देतो. एक मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला ०.७ न्यूट्रॉन. यंत्राचं तोंड २० चौरस सेंटीमीटर धरलं आणि शंभरातले दोन न्यूट्रॉन नोंदले जातात असं मानलं, तर मिनिटाला सतरा काउंट. तीन मीटरवर मिनिटाला दोन. लहान नळीचा न्यूट्रॉन बॅकग्राउंडही मिनिटाला एक-दोनच असतो. तेव्हा तीन मीटरवर दहा सेकंद थांबून 'न्यूट्रॉन नाहीत' असं सांगणं निरर्थक आहे. पाच मिनिटं मोजलं तर बॅकग्राउंडचे अपेक्षित काउंट १०, त्यांचं विचलन तीनच्या जरा वर. मिळाले २०, तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मिळाले १३, तर अजून मोजा किंवा जवळ जा.

याच यंत्राच्या गॅमा स्पेक्ट्रममध्ये अमेरिसियमची ५९.५ आवरणामुळे दिसत नाही. दिसतं ते सोबतच्या सीझियमचं ६६२. बेरिलियमच्या अभिक्रियेतली ४.४४ एमईव्हीची गॅमा बहुतेक यंत्रांच्या अक्षाबाहेर असते, कारण तो अक्ष ३ एमईव्हीला संपतो. पण २२२३ वर शिखर दिसलं तर जवळपासच्या हायड्रोजनने न्यूट्रॉन गिळले आहेत. प्लास्टिक, मेण, पाणी यांत ठेवलेल्या न्यूट्रॉन स्रोताची ती खूण आहे. थोरियमच्या वंशजांची २६१४ ची रेषा शेजारीच असते आणि तिचं एक एस्केप शिखर (५११ ची गॅमा स्फटिकातून निसटल्यावर उरलेलं) २१०३ वर येतं, त्यांच्याशी गल्लत होऊ देऊ नका. जर्मेनियममध्ये ५९६ आणि ६९२ पासून उजवीकडे उतरणारे करवतीच्या दात्यासारखे उंचवटे दिसले तर वेगवान न्यूट्रॉन डिटेक्टरलाच धडकत आहेत.

स्रोत नसतानाही न्यूट्रॉन काउंट वाढतात. वैश्विक किरण जड धातूवर आदळले की त्यातून न्यूट्रॉन सुटतात. शिशाच्या किंवा लोखंडाच्या मोठ्या राशीजवळ, जहाजाच्या आत, बॅकग्राउंड दुप्पट होऊ शकतो. उंच डोंगरावर तो समुद्रसपाटीच्या कितीतरी पट असतो. म्हणून न्यूट्रॉनचा बॅकग्राउंडही त्याच जागी, तशाच वस्तूजवळ घ्यायचा.

काउंटवरून न्यूट्रॉनचा डोस सांगू नये. न्यूट्रॉनचा किरणोत्सर्ग गुणक ऊर्जेनुसार बदलतो आणि १ एमईव्हीच्या आसपास वीसच्या घरात जातो. डोससाठी पॉलिथिलीनचा जाड गोल किंवा दंडगोल असलेलं, नऊ-दहा किलो वजनाचं वेगळं यंत्र असतं. ते जड असण्याला इलाज नाही.

तज्ज्ञाकडे मत मागायला पाठवायचं झालं तर पडद्याचा फोटो पुरत नाही. एन४२.४२ या, किरणोत्सर्ग-मापनासाठी ठरलेल्या फाइल-स्वरूपातल्या तीन मूळ फाइली पाठवा: वस्तूचा स्पेक्ट्रम, त्याच जागेचा बॅकग्राउंड, आणि त्याच दिवशी सीझियम किंवा पोटॅशियमवर घेतलेला तपासणी स्पेक्ट्रम. सोबत यंत्राचं मॉडेल, स्फटिकापासून वस्तूपर्यंतचं अंतर, मध्ये काय होतं, मोजणीचे सेकंद, डोस रेट, न्यूट्रॉनचे एकूण काउंट आणि ते किती वेळात आले, हे लिहा. न्यूट्रॉनचा नुसता 'प्रति सेकंद ०.०६' असा दर पाठवू नका. पाच मिनिटांत १८, असं लिहा.